डावीकडचं दिसतंय का?

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खाली "छान रचलीय" असं लिहू नका. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा मावसभाऊ आहे, आणि शेवटच्या दिवशी मी स्वतः त्याच्या खोलीत, त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसलो होतो.

आणि एक आधीच सांगतो...

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. कुत्रं रडत नव्हतं. रविवार होता, दुपारचे सव्वादोन. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि समोरच्या घरातला माणूस पाइपने गाडी धूत होता.

भुतांना रात्रच लागते, हे ज्याने ठरवलं त्याला आमच्या घरची माहिती नसावी.

माझ्या या मावसभावाला सगळे भिंग्या म्हणतात. चौथीत त्याला चष्मा लागला तेव्हा हे नाव पडलं, आणि पुढे त्याने दुकान टाकलं तेही चष्म्याचंच, त्यामुळे नाव पुसायचा प्रश्नच उरला नाही. नंबर काढायचे, काचा बसवायच्या, वाकड्या झालेल्या काड्या गरम करून सरळ करून द्यायच्या. लग्न केलं नाही. घराच्या वरच्या मजल्यावर त्याची एक खोली. खाली थोरला भाऊ आणि वहिनी. भिंग्याचं दोन्ही वेळचं जेवण खालीच.

थोरल्याला आम्ही सगळेच दादा म्हणायचो. दादा एका कंपनीची बस चालवायचा. सकाळी कामगारांना न्यायचं, संध्याकाळी आणून सोडायचं. एकवीस वर्षं केलं. गाडीला कधी ओरखडा नाही.

भिंग्याला वेड विमानांचं. खऱ्या नव्हे, कॉम्प्युटरवरच्या. टेबलाएवढा पडदा, हातात विमानाचं असतं तसं सुकाणू, आणि पायाखाली सुताराकडून करून घेतलेले दोन पेडल. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, हा खुर्चीवरून विमानं हाकायचा. वहिनी म्हणायची, "भाऊजी अख्खं जग फिरून आले, पण खाली दूध आणायला जायचं म्हटलं की पाय दुखतात."

चेष्टा सोडा. पण तो खेळ कसा चालतो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

इंटरनेटवर त्यांचा एक गट आहे. तीस-चाळीस हौशी लोक. काही जण विमानं उडवतात आणि एकजण टॉवरमध्ये बसून त्यांना वाट दाखवतो. यांच्या टॉवरमध्ये बसायचा एक निवृत्त गणिताचा मास्तर. सगळ्यांच्या कानाला हेडफोन. दर रविवारी दुपारी दोन ते चार यांची 'गर्दी' असायची. म्हणजे सगळ्यांनी एकाच मोठ्या शहराच्या विमानतळावर एकामागोमाग एक उतरायचं. तेही यंत्राच्या आधाराने नाही, डोळ्यांनी बघून. नदी दिसली की तिच्या कडेकडेने यायचं, पूल ओलांडायचा, स्टेडियम दिसलं की डावीकडे शेवटचं वळण घ्यायचं, की उंच इमारतींच्या पलीकडे समोर धावपट्टी.

या सगळ्याचा जीव एका शब्दात आहे.

मास्तर विचारतो, "पुढचं विमान दिसतंय का?"

तुम्ही म्हणता, "दिसतंय."

मास्तर म्हणतो, "मग आता तुमचं तुम्ही सांभाळा."

झालं. तिथून पुढे टक्कर झाली तर टॉवरचा दोष नाही. 'दिसतंय' म्हणणाऱ्याचा दोष.

आणि "दिसत नाही" म्हटलं तर? तर रांगेतून बाहेर. शहराला मोठा वळसा घालून सगळ्यांच्या शेवटी या. वीस मिनिटं पाण्यात.

म्हणून लोक काय करतात, तर न बघताच "दिसतंय" म्हणतात. पुढे गेल्यावर दिसेलच की! भिंग्या त्यात एकदम तरबेज. मास्तरचा प्रश्न पुरा व्हायच्या आत याचं 'दिसतंय' तयार असायचं. ही सवय त्याच्या जिभेत इतकी मुरली होती की खाली जेवताना वहिनीने "मीठ बरोबर आहे?" विचारलं तरी एकदा तो "दिसतंय" म्हणाला होता. तेव्हा सगळे हसलो होतो.

आता मूळ गोष्ट.

गेल्या वर्षी एका रविवारी दादा दुकानात आला. दुपारचा एक वाजला होता. भिंग्या दुकान दीडला बंद करायचा आणि दोनला खुर्चीत बसायचा.

कंपनीला दर वर्षी ड्रायव्हरच्या नजरेचा दाखला लागायचा. दादा दर वर्षी भावाकडूनच घ्यायचा. तक्त्यावरची अक्षरं त्याने धडाधड वाचली. का नाही वाचणार? एवढ्या वर्षांत तो तक्ता पाठ झाला होता.

मग उठता उठता दादा म्हणाला, "भिंग्या, एक सांगू का... कडेचं जरा कमी दिसतंय रे."

"म्हणजे?"

"समोरचं स्वच्छ आहे. पण डावीकडून माणूस आला की एकदम उगवल्यासारखा वाटतो. आधी नसतोच."

भिंग्याला कळलं. चष्मेवाल्याला हे कळतंच. असं कुणी म्हणालं की त्याला त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवायचं असतं. निदान समोर बसवून, बाजूला बोट हलवून बघायचं असतं. बोट कधी दिसलं, विचारायचं. दोन मिनिटांचं काम.

दादाच म्हणाला, "बोट हलवून बघतोस का?"

भिंग्याने घड्याळ बघितलं. एक वाजून बावीस मिनिटं झाली होती.

"पुढच्या आठवड्यात नीट बघू," तो म्हणाला. "कागद आजच हवाय ना?"

"उद्या नाही दिला तर गाडीवरून काढतील."

भिंग्याने लिहिलं, 'नजर उत्तम, दोन्ही डोळे, सर्व बाजूंनी.' सही केली. शिक्का मारला. शटर ओढलं. दोनला दोन मिनिटं कमी असताना तो खुर्चीत होता.

पुढचा आठवडा आला आणि गेला. त्याच्या पुढचाही गेला.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळी कामगारांना सोडून दादा रिकामी बस घेऊन परत येत होता. चौकात त्याला डावीकडे वळायचं होतं. त्याने इंडिकेटर दिला. वळला.

डावीकडून ट्रक आला.

ट्रकवाल्याला खरचटलंसुद्धा नाही. दादा जागच्या जागी गेला. चौकातला पंक्चरवाला आम्हाला नंतर सांगत होता, बसचा पुढचा भाग चेपला, इंजिन बंद पडलं, सगळं शांत झालं... पण डावा इंडिकेटर कितीतरी वेळ चालू होता.

टक... टक... टक... टक...

कंपनीने चौकशी केली. फाइलमध्ये तीन आठवड्यांपूर्वीचा दाखला होता. नजर उत्तम, सर्व बाजूंनी. म्हणजे ट्रक दिसत होता. दिसत असून बघितला नाही. म्हणजे माणूस झोपला होता. अहवालात लिहिलं, 'चालकाचा निष्काळजीपणा.'

एकवीस वर्षांची चाकरी, आणि शेवटी हे! सख्ख्या भावाचा खोटा कागदच दादाविरुद्ध साक्षीला उभा राहिला. हे आठवलं की माझं आजही डोकं फिरतं.

पण खरं वाईट पुढेच आहे.

आदल्या रात्री दादा आणि वहिनी यांचं भांडण झालं होतं. कशावरून, तर गच्चीची किल्ली कुणी हरवली यावरून. शब्दाला शब्द वाढला. वहिनी नको ते बोलून गेली. दादा उठून बाहेरच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि तिथेच उजाडलं.

त्यामुळे 'झोपला होता' हे ऐकल्यावर वहिनीने सगळं स्वतःच्या माथी घेतलं. मी त्यांना झोपू दिलं नाही. मी मारलं त्यांना. एवढं एकच वाक्य. आधी रडत म्हणायची, मग रडणं संपलं आणि नुसतं वाक्य उरलं.

एकदा तिने माझ्यासमोर भिंग्याला विचारलं, "भाऊजी, त्यांना दिसत होतं ना नीट? तुम्हीच तपासले होते ना डोळे?"

भिंग्या जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "हो वहिनी. चांगलं दिसत होतं."

आणि त्याने भात कालवला.

तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. असतं तर तिथेच ताट उधळून दिलं असतं. एक खरं वाक्य बोलला असता तर त्या बाईच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. पण मग याला खाली जेवायला कुणी बसू दिलं असतं? मूग गिळून बसला. सात महिने.

सात महिन्यांनी तो रविवार आला.

भिंग्या नदीच्या कडेने येत होता. शहर स्वच्छ दिसत होतं. पूल, गच्च्या, रस्त्यावरच्या मुंगीएवढ्या गाड्या. मास्तरने विचारलं, "सात-चार, पुढचं विमान दिसतंय का?" सात-चार हा भिंग्याचा नंबर. गटात कुणीच कुणाला नावाने ओळखत नाही.

"दिसतंय."

"मग आता तुमचं तुम्ही सांभाळा."

पूल गेला. स्टेडियम आलं. त्याने सुकाणू डावीकडे वळवायला घेतलं...

आणि हेडफोनमध्ये आवाज आला.

टक... टक... टक... टक...

विमानाला इंडिकेटर नसतो.

भिंग्याला वाटलं, तार सैल झाली असेल. त्याने हेडफोन दाबून बघितला. टकटक तशीच.

मग कुणीतरी बोललं. मास्तर नव्हता. आवाज खोल होता, जरा बसलेला.

"डावीकडचं दिसतंय का?"

भिंग्याने डावीकडे बघितलं. आकाश मोकळं होतं. शेजारच्या नकाशावरही डावीकडे एकही विमान नव्हतं.

पण जीभ सवयीची गुलाम.

"दिसतंय," तो म्हणाला.

टकटक थांबली. एकदम. मधेच कापल्यासारखी.

तो नीट उतरला. धावपट्टी सोडतो तोच मास्तर म्हणाला, "सात-चार, तुम्ही 'दिसतंय' कुणाला म्हणालात?"

"ते डावीकडच्या विमानाचं विचारलंत ना..."

"मी? मी काही विचारलं नाही. डावीकडे विमानच नव्हतं."

मास्तर शिस्तीचा. प्रत्येक रविवारचं रेकॉर्डिंग ठेवायचा. संध्याकाळी त्याने ते पाठवलं. भिंग्याने चार वेळा ऐकलं. मास्तर बोलतो, भिंग्या बोलतो, मग सगळं शांत... आणि त्या शांततेत भिंग्या एकटाच म्हणतो, "दिसतंय."

त्याने स्वतःची समजूत काढली. कुणा दुसऱ्या गटाचा आवाज घुसला असेल. होतं असं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा खुर्चीत बसला.

नदी. पूल. स्टेडियम...

टक... टक... टक...

"डावीकडचं दिसतंय का, भिंग्या?"

सात-चार नाही. भिंग्या!

त्या गटात हे नाव कुणालाही माहीत नव्हतं. आणि 'भिं'वर तसा जोर देऊन ते नाव घेणारा माणूस जगात एकच होता.

भिंग्याची पाचावर धारण बसली. टकटक चालूच. थांबेचना. प्रश्न पुन्हा आला, तसाच, न चिडता. घाईच्या वेळी ड्रायव्हर क्लीनरला विचारतो तसा.

"डावीकडचं दिसतंय का रे?"

"दिसतंय," भिंग्या कसाबसा म्हणाला. का म्हणाला? ते थांबावं म्हणून.

आणि ते थांबलं.

त्या आठवड्यात तो डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. एका भावाचं दुखणं दुसऱ्यालाही असू शकतं, हे त्याला माहीत होतं. आपल्यालाच कडेचं दिसेनासं झालंय, आणि मनाचे खेळ चाललेत, असं काहीतरी निघावं अशी त्याची फार इच्छा होती. आजार निघावा म्हणून देवाची प्रार्थना करणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला. डॉक्टरीणबाईंनी त्याला यंत्रापुढे बसवलं, कडेचे ठिपके दाखवले, पाऊण तास तपासलं.

"कडेची नजर उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "सर्व बाजूंनी."

तिसरा रविवार. त्या दिवशी तो जेवायला खाली गेलाच नाही. दोन वाजून गेले तेव्हा वहिनीच ताट घेऊन वर आली. दार उघडंच होतं. ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. तिला हेडफोनमधलं काही ऐकू येत नव्हतं, पण पडदा समोर होता.

स्टेडियम आलं.

टक... टक...

"डावीकडचं दिसतंय का, भिंग्या?"

भिंग्याने डावीकडे बघितलं. नीट, डोळे ताणून बघितलं. निळं आकाश. बाकी काही नाही.

"दिसतंय," तो म्हणाला.

आणि मागून वहिनी किंचाळली.

"अहो भाऊजी! केवढं जवळ आलंय ते!"

"काय?"

"ते काय! डावीकडून! आदळेल ना!" ताट तसंच एका हातात धरून तिने दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावर टेकवलं. "हे! माझ्या बोटाखाली! अख्खी काच भरलीय!"

भिंग्याने तिच्या बोटाखाली बघितलं.

निळं आकाश.

त्याने सुकाणू सोडून दिलं. विमान वाकडं होत इमारतींवर गेलं आणि पडदा काळा झाला. हेडफोनमध्ये मास्तर "सात-चार, सात-चार" करत होता. भिंग्याने हेडफोन काढून ठेवला.

वहिनी अजून पडद्याकडेच बघत होती. "एवढं मोठं होतं ते. तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही."

"मग 'दिसतंय' का म्हणालात?"

भिंग्या सहज म्हणून गेला. "तसं म्हणायचं असतं, वहिनी. नाहीतर रांगेतून काढतात."

वहिनीने हातातलं ताट टेबलावर ठेवलं.



मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी कागद घेऊन आले ना, तेव्हा हेही असंच म्हणाले होते. 'झालं बाई काम, नाहीतर गाडीवरून काढलं असतं.' मी म्हटलं, काढतील कशाला? नजर चांगली आहे तर काढतील कशाला? तर हसले नुसते."

भिंग्या तिच्याकडे बघेना.

"भाऊजी, तुम्ही त्यांचे डोळे तपासले होते का?"



आणि मग भिंग्याने सगळं सांगितलं. कडेचं कमी दिसतं म्हणाला ते. बोट हलवून बघ म्हणाला ते. एक वाजून बावीस मिनिटं. हेडफोनमधला आवाजसुद्धा सांगितला. सांगताना लहान मुलासारखा रडला म्हणे. रडू दे. मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही.

वहिनी मात्र रडली नाही.

"म्हणजे माझ्या भांडणाने नाही," ती म्हणाली.

"नाही वहिनी."

"ते जागे होते."

"हो."

ती ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी रोज ते भांडण पहिल्यापासून भांडते, भाऊजी. कुठला शब्द गिळला असता तर तो माणूस उठून गेला नसता, ते शोधते. सात महिने शोधतेय. आणि तुम्ही समोर बसून भात वाढा म्हणत होता."

तिने ताट परत खाली नेलं. त्या दिवसापासून भिंग्याचं ताट बंद झालं ते आजतागायत.

त्याने कंपनीला पत्र लिहिलं. डोळे न तपासता दाखला दिला, दोष माझा आहे, भावाचा नाही. दुकानावरची 'नजर तपासून मिळेल' ही पाटी स्वतः उतरवली. आता नुसत्या काड्या सरळ करून देतो. कंपनीचं उत्तर आलं. दोन ओळींचं. प्रकरण बंद झालेलं आहे, पुन्हा उघडता येणार नाही. म्हणजे अहवालात दादा अजून झोपलेलाच आहे. वहिनीने भिंग्याच्या पत्राची प्रत तेवढी मागून घेतली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

मग भिंग्याने मला फोन केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"या रविवारी येशील का? शेजारी नुसता बसून राहा."

"अजून खेळतोस तू?" माझा आवाज चढला.

"खेळायचं नाहीये. कबूल केलंय सगळं. आता तो गप्प होतो का, तेवढं बघायचंय."

मी गेलो. जिना चढताना खाली वहिनीचं दार बंद होतं.

सव्वादोन वाजले. मी सुरुवातीला सांगितलं ना, ऊन, गाडी धुणारा माणूस... तोच रविवार. भिंग्याने हेडफोन लावला. मी शेजारी स्टुलावर बसलो. माझ्या कानाला काही नव्हतं.

नदी. पूल. मास्तरने काहीतरी विचारलं असावं, कारण भिंग्या म्हणाला, "दिसत नाही. मला रांगेतून काढा." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला असेल. तरी तो तसाच पुढे जात राहिला. स्टेडियम आलं...

टक... टक... टक... टक...

मला ऐकू आलं!

हेडफोनमधून नाही. टेबलातून. पायाखालच्या लाकडातून. कुठून ते मला आजही सांगता येणार नाही, पण मी ते ऐकलं.

भिंग्याला प्रश्न आला होता, हे चेहऱ्यावरच दिसत होतं.

"नाही, दादा," तो म्हणाला. "दिसत नाही. मी तेव्हाही तपासलं नव्हतं. चुकलो मी. मला काही दिसत नाही."

आम्ही दोघं वाट बघत राहिलो.

टकटक थांबली नाही.

मग भिंग्याचा चेहरा असा झाला की मी उठून उभाच राहिलो. त्याने हेडफोन ओढून काढला आणि टेबलावर टाकला.

"काय म्हणाला?"

त्याने हेडफोनकडे नुसतं बोट केलं.

"अरे काय म्हणाला?"

"म्हणाला... 'मलाही दिसत नाही रे.'"

मी त्याची समजूत काढायला गेलो. "म्हणजे नव्हतं दिसत, असं ना? तेव्हाचं सांगत असेल तो. चौकातलं."

भिंग्याने मान हलवली.

"'नव्हतं' नाही म्हणाला. 'नाही' म्हणाला."

टक... टक... टक...

आणि मग आम्हाला दोघांनाही एकदमच कळलं. दादा जाब विचारत नव्हता. त्याची परीक्षा घेत नव्हता. तो अजून त्या चौकात उभा होता, डावीकडे वळायचं होतं, आणि त्याला दिसत नव्हतं. म्हणून तो धाकट्या भावाला विचारत होता. धाकटा "दिसतंय" म्हणाला की त्याच्या भरवशावर गाडी वळवत होता.

पहिल्या रविवारी वळला. दुसऱ्या. तिसऱ्या.

"आणि आज?" भिंग्या म्हणाला. "आज मी नाही म्हटलं. आता तो काय करेल?"

मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. मग भिंतीवरचा प्लग उपटला. पडदा विझला.

टकटक चालूच राहिली.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. भिंग्याने कॉम्प्युटर विकला, टेबल विकलं, खोलीत आता एक खाट आणि एक खुर्ची आहे. मी मधे दोनदा जाऊन आलो. रविवारी नाही गेलो, मुद्दाम साध्या वारी गेलो. सकाळी अकरा वाजता भिंतीला कान लावला. मग जमिनीला लावला. इंडिकेटर चालूच आहे. गाडी वळत नाही आणि तो बंदही होत नाही. भिंग्याने कानात बोळे घालून झोपायला सुरुवात केली आहे, त्याने काही होत नाही म्हणतो.

परवा जिना उतरताना वहिनी दारात भेटली. बरी दिसत होती. रात्री झोप लागते म्हणाली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली, माझ्या पोरांची चौकशी केली. मग वर बघत विचारलं, "भाऊजींना तो आवाज यायचा ना... आता थांबला ना तो? सुटले ना हे?"

"हो वहिनी," मी म्हणालो. "थांबला."

तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणून गेलो.